काळा रेडिओ, पांढरा रेडिओ

बर्फाखालचा सील गातो तेव्हा वरून खाली येणारी लांब शिट्टी ऐकू येते. घसरगुंडीवरून कुणी हात सोडून यावं तशी.

हेलिकॉप्टर उडवणाऱ्या कॅप्टन बिष्टनं हेल्मेटच्या आतल्या बाजूला होणाऱ्या बायकोचा फोटो चिकटवला होता. कुणीही भेटलं की तो हेल्मेट उलटं करून दाखवायचा.

जहाजावरच्या रशियन कुकला आम्ही भाताची पेज शिकवली होती. तो तिला आजारी सूप म्हणायचा.

अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. म्हणून तिथं ‘अंधार पडायच्या आत’ असं कुणी म्हणत नाही. ‘धुकं यायच्या आत’ असं म्हणतात.

बर्फाला तडा जाताना आवाज होत नाही, असं शेवडे सर सांगायचे. आवाज नंतर होतो, तुम्ही बघायला वळलात की.

“वृंदा, तडा गेलाय.”

काळ्या रेडिओतून आलेला आवाज सरांचा होता. हजेरी घेतल्यासारखा.

“कुठे, सर?”

“आमच्या मधून. म्हणजे बर्फाच्या मधून. आम्ही दोघं या बाजूला. बोया, झेंडा आणि मोठी पेटी त्या बाजूला. आणि ती बाजू निघाली.”

“निघाली म्हणजे?”

“निघाली म्हणजे निघाली. धक्क्यावरून लाँच निघते तशी.”

“जीपीएस?”

“पेटीत.”

“कस्तुरी?”

“कस्तुरी जरा भिजली. कमरेपर्यंत. सुके कपडे घातलेत तिला. तंबू लावतोय आता.”

“आणि तुम्ही?”

“मला काय धाड भरलीय.”

*

खोली.

जहाजाच्या रेडिओ रूममध्ये टेबलावर दोन रेडिओ शेजारी शेजारी होते. काळा बर्फावरच्या माणसांशी बोलायचा, पांढरा हेलिकॉप्टरशी. त्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसे. मधे एक माणूस लागायचा. आम्ही पाळीपाळीनं तो माणूस व्हायचो आणि त्या दिवशी पाळी माझी होती.

आमचं काम सांगायला सोपं होतं. हेलिकॉप्टर वरून सरळ रेषांत उडायचं आणि बर्फावर पसरलेले सील मोजायचं. त्याच वेळी आमच्यातले दोघं बर्फावर भोक पाडून खाली माईक सोडायचे आणि बर्फाखालचे सील ऐकायचे. वरून दिसतात किती आणि खालून बोलतात किती, याचा मेळ घालायचा. मोजणं सरांचं, ऐकणं माझं आणि कस्तुरीचं; त्या दिवशी मी रेडिओवर, म्हणून तिच्याबरोबर सर गेले होते. कस्तुरी नाबर माझी केबिनमधली जोडीदारीण. मडगावची, भांडकुदळ, झोपेत कोकणीत बडबडणारी.

ज्या बर्फावर उतरायचं तो तरंगता असतो, जहाजाएवढा, कधी गावाएवढा. तो कुठे चाललाय ते कळावं म्हणून उतरल्या उतरल्या पहिलं काम एकच, बर्फात बोया रोवायचा. बोया उपग्रहाला आपली जागा कळवतो आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका सरकत राहतो. त्या ठिपक्याला आम्ही माणसांच्याच नावानं ओळखायचो. ‘सर कुठायत?’ असं कुणी विचारलं की ठिपक्यावर बोट ठेवायचं.

मोहिमेचे प्रमुख डॉ. कुरुप माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं, जेवणाचे शब्द सोडले तर. मी त्यांच्याशी इंग्रजीत, बिष्टशी हिंदीत आणि सरांशी मराठीत बोलत होते. आता सगळं मराठीतच लिहिते.

“घाबरू नकोस,” कुरुप म्हणाले. “बिष्ट वाटेतच आहे. पेट्या आणायच्या म्हणून जाळी लटकवूनच गेलाय. ठिपका तर दिसतोय ना?”

ठिपका दिसत होता.

“पण ठिपका बोयाचा आहे.”

“मग?”

“माणसं दुसऱ्या बाजूला आहेत.”

“किती दूर गेली असतील? बोयापाशी गेला की दिसतील. बोया खोटं बोलत नाही.”

*

पांढरा.

“बोया दिसला,” बिष्ट म्हणाला. “झेंडा दिसला. पेटी दिसली. मॅडम, माणसं कुठायत?”

“आजूबाजूला बघ ना.”

“आजूबाजूला दूध आहे, मॅडम. खाली बघितलं तर बर्फ, समोर बघितलं तर दूध.”

धुकं आलं होतं. जहाजाच्या खिडकीतून मघाशी दिसणारा हिमनग आता नव्हता. पुसून टाकल्यासारखा गेला होता.

कुरुप म्हणाले, “तिथंच घिरट्या घालायला सांग.”

सकाळच्या उड्डाणात काढलेला त्या बर्फाचा फोटो मी पडद्यावर मोठा केला. ज्या टोकाला बोया रोवला होता तिथं एकावर एक चढलेल्या बर्फाची उंच भिंत होती. दुसरं टोक ताटासारखं सपाट.

“हे बघा. ही भिंत म्हणजे शीड आहे. वारा हिला ढकलत नेणार. सपाट तुकड्याला वारा पकडणार कशाला? तो मागं रेंगाळला असणार. बोयापाशी शोधून उपयोग नाही. वारा येतोय तिकडं, मागं शोधायला हवं.”

“मागं म्हणजे किती?”

“ते नाही सांगता येत.”

कुरुपांनी हातातला मग खाली ठेवला. त्यातली कॉफी केव्हाच गार झाली होती. “सांग त्याला,” ते म्हणाले.

मी सांगितलं. बिष्ट वळला. पोटाखाली रिकामी जाळी लोंबकळत असल्यानं त्याला जोरात उडता येत नव्हतं.

*

काळा.

“सर, बिष्ट तुमच्याकडे यायला निघालाय. आवाज आला की सांगा. कोणत्या बाजूनं ते सांगा.”

“बरं.”

“कस्तुरीला द्या ना जरा.”

खुडबुड झाली. मग तिचा आवाज आला. दात एकमेकांवर आपटत होते.

“वृंदे, म-माझ्या बंकवर तुझे मोजे पडलेत. उ-उचल आधी.”

“उचलते. कशी आहेस?”

“माशासारखी. फ्रीजमधल्या. सरांनी मला कुठल्या तरी गाढवाची पँट घातलीय. द-दोन माणसं मावतील.”

“ती आणीबाणीच्या पिशवीतली असते गं. सगळ्यांच्या मापाची.”

“सगळ्यांच्या म्हणजे ह-हत्तीच्या.”

मी हसले. कुरुपांनी माझ्याकडे आशेनं पाहिलं.

“कुडकुडतेय,” मी त्यांना सांगितलं. “छान कुडकुडतेय.”

निघण्याआधीच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी हेच पुन्हा पुन्हा घोटून घेतलं होतं. गारठलेला माणूस कुडकुडतोय तोवर ठीक. कुडकुडणं थांबलं की घाबरायचं.

*

पांढरा.

“मॅडम, काही नाही. मोकळं पाणी, तुकडे, पाणी. एक पेंग्विन. त्याला विचारू का?”

“बिष्ट.”

“सॉरी मॅडम.”

*

काळा.

“सर, आवाज येतोय का?”

“नाही.”

“अजिबात?”

“अगं, आला तर सांगणार नाही का मी?”

*

पांढरा.

“आता थोडा दक्षिणेकडे घेतोय. धुकं खाली उतरलंय, मॅडम. मला माझीच जाळी दिसत नाही.”

*

काळा.

“सर, आता?”

“नाही. काही नाही. तो भलतीकडे फिरतोय. त्याला परत बोलाव. आमच्याकडे तंबू आहे, स्टोव्ह आहे, बिस्किटं आहेत. धुकं उठलं की ये म्हणावं.”

सर बोलत होते आणि त्यांच्या आवाजामागे काहीतरी होतं.

वर्षानुवर्षं मी हेच करत आले होते. पाण्याची खळखळ, बर्फाची करकर, बोटीचं इंजिन, यातून एखादा सील वेगळा काढायचा. त्यासाठी कानाला काही करावं लागत नाही, उलट कान सैल सोडावा लागतो. मी कान सैल सोडला. वाऱ्याची फडफड. तंबूचं कापड. आणि त्याच्या पलीकडे धप्, धप्, धप्, धप्.

“सर, तुमच्या मागे हेलिकॉप्टर आहे.”

मी पुन्हा बटण दाबलं.

“सर.”

“तुला ऐकू येतंय तर.” आवाज तसाच, हजेरीचा. “मला वाटलं वाऱ्यात बुडेल.”

“तुम्हाला येत होतं?”

“येतंय. डोक्यावरून दोनदा गेला.”

“मग नाही का म्हणालात?”

“वृंदा, नीट ऐक. आमचा तुकडा लहान झालाय. कडा सारख्या तुटतायत. त्याला आम्ही दिसलो की तो उतरणार. त्याचं वय बघ. त्या हेल्मेटमध्ये काय चिकटवलंय ते बघ. तो उतरणार, आणि हा तुकडा ते ओझं झेलणार नाही. मी एकदा हे पाहिलंय. दोघांचे तीन करू नकोस. त्याला काही सांगू नकोस, परत बोलाव.”

“काय म्हणतायत?” कुरुपांनी विचारलं.

त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच होते. बर्फावरच्या माणसांची जागा कळू शकेल अशीही मी एकटीच होते. पांढऱ्या रेडिओचा माईक हातात होता. सरांनी मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता.

“एक मिनिट,” मी कुरुपांना म्हणाले, आणि काळ्यात म्हणाले, “कस्तुरीला द्या.”

“ती पडलीय जरा.”

“तोंडाशी धरा तिच्या.”

पुन्हा खुडबुड.

“कस्तुरी?”

“हं.”

“कशी आहेस?”

“बरी आहे.” शब्द एकमेकांना चिकटून आले. “छान वाटतंय. गरम होतंय गं. हे जाकीट काढू का?”

दातांचा आवाज नव्हता.

“काढू नकोस! सर, तिला जाकीट काढू देऊ नका! सर, तिचं कुडकुडणं थांबलंय!”

“हो,” सर म्हणाले. “मघापासून.”

मी पांढरा उचलला. “बिष्ट, तू त्यांच्या अगदी जवळ आहेस. दोनदा वरून गेलास. उतरायचं नाही. कळलं? काहीही दिसलं तरी उतरायचं नाही. जाळी खाली सोडायची. त्या जाळीत एक माणूस बसेल.”

“मॅडम, ती जाळी सामानाची आहे.”

“माहितेय.”

“माणूस मी कधी...”

“बिष्ट, उतरलास तर सगळे जाल. जाळी.”

मग काळा. “सर, तो उतरणार नाही. फक्त जाळी सोडेल.”

“जाळी,” सर म्हणाले. त्यांनी विचार केला असावा. “हं. हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.”

“दोघं मावाल?”

“एकावेळी एक. डोकं चालव, एवढं ओझं झुलायला लागलं तर तो पोरगा काय करेल? ती आधी. मी मागून येतो.”

*

खोली.

मग मी कान झाले. एवढंच लिहिता येईल त्याबद्दल. सर बटण दाबून धरायचे, मी काळ्यात हेलिकॉप्टर ऐकायचे आणि पांढऱ्यात सांगायचे. लहान होतंय. लहान होतंय. वळ. मोठं. मोठं. अजून मोठं. मागं गेलास, वळ. कुरुप माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते आणि प्रत्येक ‘मोठं’ला खुर्ची हलत होती.

“दिसले!” बिष्ट ओरडला. “अरे बाप रे. मॅडम, हे तर टेबलाएवढं आहे.”

“जाळी.”

“जाळी, जाळी. सोडतोय.”

सरांनी कस्तुरीला जाळीत घातलं, दोरीनं बांधलं आणि हात वर केला. हे मला बिष्टनं सांगितलं. मला फक्त धपधप ऐकू आली, एवढी मोठी की काळा रेडिओ थरथरला. मग ती लहान होत गेली.

“गेली,” सर म्हणाले. “झोके घेत गेली. ती शुद्धीवर असती तर मला शिव्या दिल्या असत्या.”

*

डेकवर चार रशियन खलाशांनी जाळी झेलली. मी खिडकीतून पाहिलं. जाळीत मासळीसारखं एक लाल पुडकं होतं आणि त्यातून एक हात बाहेर लोंबत होता. डॉक्टर धावले. कुणीतरी ओरडलं की जिवंत आहे. कुरुप खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बिष्ट परत उडाला होता.

*

काळा.

“सर, बटण दाबून ठेवा. या वेळी सोडूच नका. धुकं वाढलंय. तो मघाच्या जागेवर येतोय, पण तुम्ही सरकला असाल.”

“बरं.”

“आणि बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. शिकवा.”

“तुम्हाला शिकवून काय उपयोग झाला?” ते हसले. हसणं लांबलं. “बरं ऐक. सकाळी आम्ही सील ऐकले. कस्तुरी म्हणाली तीन. मी म्हणालो चार. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. आत्ता खाली एक बोलतोय. बर्फाला कान लावला की... येतंय का तुला?”

येत होतं. खूप खोलवरून, वरून खाली घसरत येणारी ती शिट्टी.

“येतंय, सर,” मी म्हणाले. त्यांचं बटण दाबलेलं होतं, माझं बोलणं पोचणार नव्हतं, तरी म्हणाले.

“सुंदर आहे,” सर म्हणाले. “हा चौथा. माझा. तिला सांग, हा... सांग तिला, चार.” शब्द एकमेकांना चिकटू लागले होते. मग ते कुणाशी तरी बोलले. बहुधा घरच्या कुणाशी. चूल का पेटवली नाही असं काहीतरी. मग नुसता वारा.

बटण दाबलेलंच होतं.

वारा. शिट्टी. वारा. मग, फार लांबून, धप्.

“मोठं होतंय,” मी पांढऱ्यात म्हणाले. “असाच ये. मोठं. मोठं.”

*

पांढरा.

“दिसले. बसलेत. तंबूला टेकून बसलेत.”

“जाळी सोड.”

“सोडली. समोर आहे त्यांच्या. हात लांब केला की पोचेल.”

“मग?”

“बघत नाहीयेत.”

“अजून जवळ घे.”

“पायाला लागतेय, मॅडम. जाळी त्यांच्या पायाला लागतेय.”

मी काळ्याचं बटण दाबलं आणि ओरडले, “सर! जाळी! सर, उठा!” ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी बटण सोडल्याशिवाय माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता, आणि ते बटण सोडत नव्हते. काळ्यात हेलिकॉप्टर गरगरत होतं, जवळून, छताला पंखा असतो तितक्या जवळून. मी तरी ओरडत राहिले. कुरुपसुद्धा ओरडले, मल्याळममध्ये.

“मॅडम, मी उतरतो,” बिष्ट म्हणाला.

कुरुपांनी माझ्याकडे पाहिलं. मी पांढरा रेडिओ तोंडाशी धरला.

“उतरायचं नाही,” मी म्हणाले.

“मॅडम.”

“उतरायचं नाही, बिष्ट.”

तो तिथं थांबला. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. इंधनाचा दिवा लागला तेव्हा कुरुपांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि त्याला परत बोलावलं. काळ्यातला धपधपाट लहान होत गेला. मग वारा राहिला, आणि बॅटरी संपली तेव्हा वाराही गेला.

*

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. बिष्टनं आदल्या दिवशी जाळी सोडली होती ती जागा शोधली, तिच्या आजूबाजूचे सगळे तुकडे शोधले. सकाळी शोधलं, दुपारी शोधलं. तिथं मोकळं पाणी होतं. बोया मात्र भिंतीच्या तुकड्यावर बसून आपली जागा कळवत चालला होता.

जहाजावर सगळे एकच विचारत होते. इतक्या मोहिमा केलेला माणूस, तंबू होता, स्टोव्ह होता, कस्तुरी गेल्यावर एकट्यानं थोडाच वेळ काढायचा होता. असं कसं झालं? हृदय बंद पडलं असेल, असं डॉक्टरांनी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सरांच्या बायकोला तेच कळवलं गेलं. मी त्यांना भेटायला साताऱ्याला गेले तेव्हा मीही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांच्या घराण्यात हृदयाचा कुणालाच त्रास नाही हो.” आणि मग चहा टाकायला उठल्या.

बिष्टचं लग्न झालं. त्याला मुलगी आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो आणि आम्ही दोघं फक्त मुलीबद्दल बोलतो.

कस्तुरीच्या पायाची तीन बोटं गेली. त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं. तडा आठवत नव्हता, तंबू आठवत नव्हता, जाळी तर नाहीच. डॉक्टर म्हणाले होते, गारठ्यात असं होतं, कधी कधी तुकडे परत येतात. तिला काही टोचू नये म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलं. तिनं सील ऐकणं सोडलं, मडगावला शाळा काढली, शाळेत भांडणं करून तीन मुख्याध्यापिका पळवून लावल्या.

परवा, इतक्या वर्षांनी, तिच्या घरच्या बाल्कनीत आम्ही बसलो होतो. ती मला तिच्या जावयाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे न बघता तिनं एक वाक्य सांगितलं. मग जावयाचं राहिलेलं पूर्ण केलं.

आणीबाणीच्या पिशवीत सुक्या कपड्यांचा एकच जोड होता, आणि तडा गेला तेव्हा पाण्यात दोघंही पडले होते.